तबकड्या, तारा आणि परवलीचा शब्द

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने नारायणगाव ओलांडले की आळेफाटा येतो. कल्याणहून माळशेज घाट चढून ओतूरवरून नगरकडे जाणारा रस्ता इथेच पुणे-नाशिक रस्त्याला मिळतो. जवळच आळे गाव आहे. ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी इथे आहे, म्हणून वारकरी या गावाला ओळखतात. कांद्याच्या गाड्या, एसटीची वर्दळ आणि उसाचे ट्रॅक्टर यांच्या या नाक्याभोवती दूरसंचाराच्या इतिहासातली दोन मोठी कामे झाली, याची मात्र फारशी चर्चा होत नाही. एक आर्वीचे उपग्रह भूकेंद्र आणि दुसरी खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण. दोन्ही जुन्नर तालुक्यात आहेत. दोन्हींचे काम एकच, दुरून येणारे क्षीण संकेत ऐकणे. दुरून संगणक चालवायचा कसा आणि त्याचे दार राखायचे कसे, हा प्रश्न इथे केवळ हौशीचा नव्हता. ती रोजच्या कामाची गरज होती.

आधी आर्वीचे सांगतो. १९७१ साली नारायणगावजवळ आर्वीला देशातले पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. सुमारे ३० मीटर व्यासाची तबकडी हिंद महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहाकडे तोंड करून उभी राहिली. तोपर्यंत परदेशी फोन बव्हंशी लघुलहरींच्या रेडिओवरून जात. आवाज चढायचा, उतरायचा, मध्येच बुडायचा. आर्वीमुळे तो स्थिर झाला. या कामामागची प्रेरणा विक्रम साराभाई यांची होती. १९७१ च्या डिसेंबरअखेर ते गेले आणि केंद्राला त्यांचे नाव मिळाले. १९७२ साली टपाल खात्याने आर्वीच्या तबकडीचे तिकीट काढले. जुन्नरच्या डोंगरांनी वेढलेले एक खेडे घरोघरी पाकिटांवर पोहोचले. मुंबई-पुण्याच्या विद्युत गोंगाटापासून ही खोरी डोंगरांनी झाकलेली आहेत. संकेत ऐकणाऱ्यांना हवी तशी शांतता इथे मिळते.

खोडदचे काम पुढच्या पिढीचे. त्याची सुरुवात मात्र माळशेजच्या त्या बाजूला, कल्याणला झाली. १९६३ साली डॉ. गोविंद स्वरूप अमेरिकेतून परत आले आणि होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या लहान लहान ३२ तबकड्या त्यांनी १९६५ साली कल्याणजवळ उभ्या केल्या आणि सूर्याकडे वळवल्या. पुढे १९७० मध्ये उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली. मग १९८० च्या दशकात त्यांनी आणखी मोठी कल्पना मांडली. एकच अजस्र तबकडी बांधण्याऐवजी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या २५ किलोमीटरच्या परिसरात पसरायच्या आणि त्यांचे संकेत संगणकात एकत्र करून त्यांना एकाच दुर्बिणीचे काम करायला लावायचे.

हीच जीएमआरटी, खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण. ३० पैकी १४ तबकड्या खोडदजवळ साधारण एका चौरस किलोमीटरच्या मध्यभागात आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर पूर्व, पश्चिम आणि दक्षिणेकडे, शेताशिवारांतून लांबवर गेल्या आहेत. तबकडीचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नाही. पोलादी दोरांच्या चौकटीवर बारीक तारांची जाळी ताणलेली आहे. त्यामुळे वारा आरपार जातो, वजन कमी राहते आणि खर्च आटोक्यात येतो. मीटरभर लांबीच्या लहरींना ती जाळी आरशासारखीच वाटते. हे सारे भारतात, भारतीय कारखान्यांच्या मदतीने घडले. मला यात गोविंद स्वरूपांची सर्वांत मोठी प्रतिभा दिसते. पैसे कमी आहेत ही अडचण त्यांनी रचनेतच विरघळवून टाकली.

आता विचार करा. तबकडी आहे एखाद्या गावाच्या शिवेवर, द्राक्षाच्या नाहीतर उसाच्या कडेला. खगोलशास्त्रज्ञ बसला आहे खोडदच्या नियंत्रण कक्षात. मध्ये दहा-बारा किलोमीटर. रात्री तीन वाजता तीसही तबकड्या एकाच वेळी एकाच ताऱ्याकडे वळल्या पाहिजेत आणि पृथ्वी फिरते तसतशा त्याच्यामागे फिरत राहिल्या पाहिजेत. प्रत्येक तबकडीच्या पायथ्याशी माणूस बसवून हे होणार नाही. म्हणून प्रत्येक तबकडीला एक छोटा संगणक दिला आणि मध्यवर्ती इमारतीपासून जमिनीखालून प्रकाशतंतूंच्या तारा टाकल्या. आज्ञा त्या तारांतून जाते. तबकडी कुठे वळली, मोटर किती तापली, वारा किती आहे, ही खबर त्याच तारांतून परत येते. आकाशातून आलेला संकेतही तसाच येतो.

त्यात एक वेगळीच अट होती. संगणक हाच रेडिओ गोंगाट करणारा प्राणी आहे. त्याच्या घड्याळाचे ठोके, त्याचा वीजपुरवठा, त्याचा पडदा, सगळ्यांतून रेडिओ लहरी निसटतात. आकाशगंगेपलीकडून येणारा संकेत इतका क्षीण असतो की जवळचा एखादा उघडा संगणक त्याला सहज बुडवतो. म्हणून तबकडीपाशी नेमकी गरजेपुरतीच यंत्रे, तीही धातूच्या बंद पिंजऱ्यात. बाकी सारे दूर. इथे दुरून लॉगिन करणे ही सोय नव्हती, विज्ञानाची अट होती. खोडदच्या शास्त्रज्ञांनी या शांततेसाठी किती धडपड केली, हे या पट्ट्यातल्या लोकांना ठाऊक आहे. या भागात उद्योगांवर आलेली बंधने आणि पुणे-नाशिक जलद रेल्वेच्या मार्गावरून झालेला वाद त्याच्याशीच जोडलेले आहेत. शेतकऱ्याच्या मुलाला गावाजवळ कारखाना हवा असतो, तेही खरेच. तरीही, मीटर लहरींवर आकाश पाहायला जगभरचे खगोलशास्त्रज्ञ इथे येतात. एवढी गोष्ट जपण्याजोगी आहे असे मी ठामपणे म्हणेन.

आता दुरून लॉगिन करण्याच्या विद्येकडे वळू.

मुंबईत टाटा संस्थेच्या आश्रयाने १९७० च्या दशकात डेकसिस्टिम-१० हा संगणक आला. एकाच यंत्रावर अनेक माणसे आपापल्या टर्मिनलवरून काम करतात, ही कल्पना इथल्या तरुण संगणकतज्ज्ञांच्या हाताशी त्या यंत्राने आणून दिली. तोवर छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा काउंटरवर द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घ्यायचे, अशी रीत होती. टर्मिनलने ती मोडली. याच परंपरेतून राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे जुहूचे एनसीएसटी, उभे राहिले. डॉ. श्रीनिवासन रमणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अर्नेट हे शैक्षणिक जाळे उभारले. आधी एनसीएसटी आणि पवईचे आयआयटी जोडले गेले, मग देशातल्या इतर मोठ्या संस्था. मुंबईतून जगाशी जोडणारी सुरुवातीची वाट सेकंदाला ९६०० बिटांची होती. आजच्या मोबाइलवरचा एक फोटो त्या वाटेने जायला तासभराच्या आसपास लागला असता. पण त्या वाटेवरून पत्र जात होते, कार्यक्रम येत होते आणि दूरच्या संगणकात लॉगिनही करता येत होते.

ते लॉगिन टेलनेटने व्हायचे. टेलनेटचा जन्म अमेरिकेत, १९६९ साली, आर्पानेटबरोबरच. पुढे बर्कलीच्या युनिक्स या संगणकप्रणालीतून आरलॉगिन आले. त्यात तर एका यंत्राने दुसऱ्यावर विश्वास ठेवला की परवलीचा शब्दही विचारला जात नसे. ज्यांनी हे रचले ती माणसे एकमेकांना ओळखत होती. पोरांनी किंवा चोरांनी तारेवर कान ठेवावा, असा विचार त्यांच्या मनात नव्हता. टेलनेटमध्ये तुम्ही टाइप केलेले प्रत्येक अक्षर जसेच्या तसे तारेवरून जाते, परवलीच्या शब्दासकट. कुलूप लावायचे आणि त्याचा आकडा गावात दवंडी पिटून सांगायचा, असा तो प्रकार होता. त्या काळच्या इथरनेटमध्ये एका जाड केबलवर किंवा हबवर सगळी यंत्रे एकत्र जोडलेली असत. एका यंत्रासाठी निघालेला मजकूर सगळ्यांच्या दारावरून जायचा. त्यातले एक जरी यंत्र परक्याच्या ताब्यात गेले, तरी तो शांतपणे बसून सगळ्यांचे परवलीचे शब्द टिपू शकत होता.

या भाबडेपणाची किंमत मोजावी लागलीच. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म नावाच्या, स्वतःच पसरणाऱ्या कार्यक्रमाने युनिक्समधल्या त्रुटींचा आणि यंत्रांच्या परस्परविश्वासाचा फायदा घेऊन हजारो संगणक ठप्प केले. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेच्या सर्ट या संस्थेने इशारा दिला, की इंटरनेटवर ठिकठिकाणी तारेवर कान ठेवून हजारो परवलीचे शब्द चोरले जात आहेत. त्याच सुमारास फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातही असाच हल्ला झाला. तिथला एक संशोधक, तातू इलोनेन, वैतागला. त्याने स्वतःसाठी एक साधन लिहिले. ते दूरच्या यंत्रात लॉगिन करून देते, पण सारा संवाद कूटबद्ध करून. त्याला नाव दिले सेक्युअर शेल, म्हणजेच एसएसएच.

इलोनेनने १० जुलै १९९५ रोजी इंटरनेटचे क्रमांक वाटणाऱ्या संस्थेला एक साधे पत्र लिहिले आणि आपल्या कार्यक्रमासाठी २२ हा पोर्ट क्रमांक मागितला. टेलनेट २३ वर आणि फाइली पाठवणारे एफटीपी २१ वर होते. मधला २२ मोकळा होता. दुसऱ्या दिवशी तो मिळाला आणि लगेच कार्यक्रम जगासाठी मोकळा झाला. वर्षअखेर पन्नास देशांत सुमारे वीस हजार माणसे तो वापरत होती. आज जगातल्या बहुतेक सर्व्हरवर एसएसएचच्या दाराची पाटी २२ आहे. ती एका माणसाच्या नम्र पत्रातून आलेली आहे.

हे साधन अमेरिकेतून न येता फिनलंडमधून आले, ही आपल्यासाठी मोठी गोष्ट होती. त्या काळी अमेरिकेत सशक्त कूटलेखनाची गणना शस्त्रास्त्रांत होत असे. बाहेर पाठवायचे तर फार तर ४० बिटांची दुबळी किल्ली. भारताला या नियमांची चव आधीच मिळाली होती. १९८० च्या दशकात क्रे महासंगणकाच्या खरेदीवर अमेरिकेने अटी लादल्या. त्यावर उत्तर म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. एसएसएचचा मार्ग वेगळा होता. फिनलंडमध्ये असा कायदा नव्हता, त्यामुळे भारतातल्या संशोधकालाही अमेरिकनाइतकीच भक्कम किल्ली मिळाली. पुढे मूळ कार्यक्रमाचे परवाने कडक होत गेले, तेव्हा कॅनडात बसून ओपनबीएसडी चालवणाऱ्या थिओ डी राड्ट आणि त्याच्या मित्रांनी जुन्या मोकळ्या आवृत्तीवरून ओपनएसएसएच बनवले. ते १९९९ च्या डिसेंबरात बाहेर पडले. कॅनडातही कूटलेखनाच्या निर्यातीवर तसे बंधन नव्हते. आज जवळजवळ सगळे जग तेच वापरते.

महाराष्ट्राच्या घराघरांत हे सगळे कसे आले? १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने, म्हणजे आर्वीच्या भूकेंद्राचा वारसा सांभाळणाऱ्या व्हीएसएनएलने, सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. विद्यार्थ्यांना आणि मध्यमवर्गीयांना परवडणारे खाते होते ते शेल खाते. घरच्या डॉसवर किंवा विंडोज ३.१ वर टर्मिनलचा कार्यक्रम चालवायचा, मोडेमने फोन लावायचा. वीस वेळा एंगेज टोन ऐकल्यावर एकदाचा जोड लागला, की काळ्या पडद्यावर युनिक्सचे लॉगिन यायचे. पाइनमध्ये पत्र वाचायचे, लिंक्समध्ये वेबची फक्त अक्षरे पाहायची. घरातले यंत्र नुसते टर्मिनल, खरा संगणक मुंबईच्या फोर्टमध्ये. आज चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या अनेक मराठी संगणकतज्ज्ञांनी दूरच्या यंत्राशी पहिला संवाद असाच केला. परवलीचा शब्द तेव्हाही उघडाच जात होता. पण त्या तारेवर कान ठेवणारे अजून थोडे होते.

१९९८ साली मुंबईला त्याची किंमत कळली. मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या. जूनच्या सुरुवातीला मिलवर्म नावाच्या गटाने ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत शिरकाव केला. या गटातली बहुतेक मुले पंधरा ते अठरा वर्षांची होती. इंग्लंड, नेदरलँड्स, न्यूझीलंड, अमेरिका अशा वेगवेगळ्या देशांत बसून ती काम करत होती. अमेरिकेच्या लष्कराच्या आणि नासाच्या संगणकांतून उड्या घेत टेलनेटने आपण ट्रॉम्बेपर्यंत पोहोचलो, असे त्यांनीच पत्रकारांना सांगितले. त्यांनी शास्त्रज्ञांची पत्रे उचलली, दोन सर्व्हरवरची माहिती पुसली आणि केंद्राच्या मुखपृष्ठावर अणुस्फोटाच्या ढगाचे चित्र लावले. पत्रे गेल्याचे केंद्राने मान्य केले. भारतातल्या वैज्ञानिक संस्थांच्या संगणक विभागांत त्यानंतर टेलनेटकडे पाहण्याची नजर बदलली. आपण कुठे राहतो, कोणाचे शत्रू आहोत, यावर सुरक्षा अवलंबून नाही, हे त्या दिवसांनी शिकवले. सतरा वर्षांच्या मुलाला घरबसल्या ट्रॉम्बेत शिरता आले.

जीएमआरटी याच काळात पूर्णत्वाकडे जात होती. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते ती जगातल्या वैज्ञानिकांना अर्पण झाली आणि २००२ पासून जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी खुली झाली. त्या वेळचे नियंत्रण आणि विश्लेषण युनिक्सच्या वर्कस्टेशनवर चाले. त्यांत सन मायक्रोसिस्टिम्सची सोलारिस यंत्रेही होती.

याच सोलारिसवर एसएसएच बसवणे किती कटकटीचे होते, हे नव्या पिढीला सांगायला हवे. कूटलेखनाला यादृच्छिक संख्या लागतात, कोणालाही अंदाज लावता येणार नाही अशा. आज प्रत्येक संगणक त्या स्वतः पुरवतो. पण सोलारिस ८ सोबत अशी सोय आलीच नव्हती. ती नंतर एका दुरुस्तीतून आली. तोपर्यंत यंत्रचालक वेगळा कार्यक्रम बसवत. डिस्कवरच्या हालचाली, कोणत्या प्रक्रिया चालू आहेत, असा यंत्रातला चिल्लर गोंधळ तो गोळा करायचा आणि त्यातून संख्या घडवायचा. सोलारिस ९ मध्ये, २००२ साली, सनने स्वतःच एसएसएच दिले, तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

दुसरी अडचण गणिताची. एसएसएच जोडताना दोन्ही यंत्रे अनोळखी असतात आणि तार सगळे ऐकत असतात. तरीही त्यांना एक समान गुपित ठरवायचे असते. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये त्याचा मार्ग दाखवला. दोघेही आपापली गुप्त संख्या घेतात, तिच्यापासून बनवलेली एक संख्या उघडपणे पाठवतात आणि समोरून आलेल्या संख्येवर आपली गुप्त संख्या चालवून एकाच उत्तरापर्यंत पोहोचतात. ऐकणाऱ्याला उघड्या संख्यांवरून मागे जाता येत नाही. हे गणित तीनशे-सहाशे आकडी संख्यांचे घात काढण्याचे आहे. आजच्या फोनला ते क्षणात जमते. पण १९८० च्या दशकातल्या मॅकिंटॉशमधली किंवा ३८६ संगणकातली चिप त्यावर कित्येक सेकंद, कधी मिनिटेही खर्च करते. तरी लोकांनी हार मानली नाही. डॉससाठी एसएसएच२डॉस लिहिले गेले. जुन्या मॅकसाठी आधी निफ्टीटेलनेट आणि मॅकएसएसएच आले आणि २०२० नंतर सिस्टिम ७ पासून मॅक ओएस ९ पर्यंतच्या यंत्रांवर चालणारे एसएसएचईव्हन आले. विंडोजवर केंब्रिजच्या सायमन टॅथमने लिहिलेल्या पुटीने तर पिढ्यांना वाट दिली. भारतातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या संगणककक्षांत विंडोज ९८ वर पुटीचा आयकॉन दिसला नाही, असे क्वचितच झाले असेल. एकच फाइल. बसवायची गरज नाही. फ्लॉपीवर मावते. आपल्या परिस्थितीला याहून योग्य साधन दुसरे नव्हते.

पण कुलपेही म्हातारी होतात. एसएसएचच्या पहिल्या आवृत्तीत १९९८ मध्येच त्रुटी सापडल्या. दुसरी आवृत्ती २००६ साली अधिकृत मानक झाली. ओपनएसएसएचने २०१५ मध्ये पहिली आवृत्ती आणि सुरुवातीची १०२४ बिटांची देवघेव आपणहून बंद केली. २०१७ मध्ये पहिली आवृत्ती पूर्णच काढून टाकली. २०२१ मध्ये सही करण्याची जुनी पद्धत बंद झाली आणि २०२५ मध्ये डीएसए जातीच्या किल्ल्या गेल्या. निर्णय योग्यच होते. पण त्याचा एक परिणाम झाला. २००२ चे सोलारिस यंत्र आणि आजचा लॅपटॉप समोरासमोर आले, तर दोघांना एकही समान भाषा सापडत नाही. पडद्यावर ओळ येते, की जुळणारी पद्धत मिळाली नाही, आणि जोड तुटतो. मग यंत्रचालक आपल्याकडच्या यंत्रावर ती जुनी, कच्ची पद्धत मुद्दाम चालू करतात. मोजमाप सुरू राहते, पण कुलूप ढिले होते.

कोणी म्हणेल, जुने यंत्र फेकून द्या. विज्ञानात आणि उद्योगात हे इतके सोपे नसते. दुर्बीण पन्नास वर्षे जगते, तिला चालवणारी संगणकप्रणाली दहा. एखाद्या मोजमाप यंत्राचे कार्ड फक्त एका जुन्या प्रणालीवर चालते आणि ते बनवणारी कंपनीच बंद झालेली असते. शिवाय जुने म्हणजे निरुपयोगी, असेही नाही. खगोलशास्त्रज्ञ आजही एआयपीएस नावाचा संच वापरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेत त्याचे काम १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाले. जीएमआरटीने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचा मोठा भाग पाहिला. ती माहिती नंतर नव्याने तपासली गेली आणि २०१६ मध्ये आकाशाच्या नव्वद टक्के भागाचा नकाशा प्रसिद्ध झाला. सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोत त्यात नोंदले गेले. ज्या साधनांनी हे काम झाले, त्यांच्या पोटात हाच एआयपीएस होता. जवळजवळ चाळीस वर्षे जुन्या कार्यक्रमाने नव्या आकाशाचा नकाशा दिला. यंत्र जपले, तर त्यातले ज्ञान जपले जाते.

जपायचे कसे, याची उत्तम वाट सिएटलने दाखवली. मायक्रोसॉफ्टचा सहसंस्थापक पॉल ॲलन याने तिथे जुन्या संगणकांचे संग्रहालय काढले आणि त्यातली यंत्रे चालू ठेवली. टाटा संस्थेत आलेल्या डेकसिस्टिम-१० च्याच घराण्यातली यंत्रेही त्यात होती. जगातला कोणीही घरून एसएसएचने त्या संग्रहालयाच्या दारावरच्या नव्या यंत्रात यायचा, तिथे एक यादी दिसायची आणि त्यातून हव्या त्या जुन्या यंत्रावर टर्मिनल मिळायचे. अशा वेळी जुने यंत्र थेट इंटरनेटच्या समोर येत नसे. कूटलेखनाचे ओझे नव्या यंत्राने उचलले, जुन्याने आपले जुने काम केले. २०२० मध्ये संग्रहालयाची दारे बंद झाली, २०२४ मध्ये ती कायमची बंद असल्याचे जाहीर झाले. एसडीएफ या हौशींच्या संघटनेने ती परंपरा पुढे चालवली आहे. माझ्या मते जुन्या यंत्राला वाचवण्याचा हाच खरा मार्ग आहे. त्याच्या सीरियल पोर्टला एक छोटे लिनक्स यंत्र जोडावे. एसएसएच त्या यंत्रापर्यंतच यावे. पुढे जुन्या यंत्रापर्यंत फक्त एक साधी केबल जावी. जुन्या चिपला सहाशे आकडी संख्यांशी झुंजवण्यात कौतुक आहे, पण काम मात्र या मार्गाने होते.

नवीन कुलूपही निर्धोक नसते, हे २०२४ च्या मार्चमध्ये दिसले. लिनक्समधल्या एका छोट्या संकोचन कार्यक्रमात कोणीतरी दोन-अडीच वर्षे खपून एसएसएचला खिंडार पाडणारा मागचा दरवाजा घातला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढेच खटकले. त्याने माग काढला आणि जग वाचले. अर्ध्या सेकंदाकडेही लक्ष देणारी माणसे या क्षेत्राला लागतात.

१९ ऑक्टोबर २०१६ च्या संध्याकाळी खोडदच्या नियंत्रण कक्षात अशीच माणसे बसली होती. युरोपीय अंतराळ संस्थेचे शियापारेल्ली हे यान मंगळावर उतरत होते आणि त्याचा क्षीण संकेत ऐकण्याची जबाबदारी जीएमआरटीकडे आली होती. पृथ्वीवरून तो थेट ऐकू येईल अशी फार कमी ठिकाणे होती. तबकड्या मंगळाकडे वळल्या. वातावरणात शिरणे, पॅराशूट उघडणे, सगळे पडद्यावरच्या संकेताच्या एका रेषेत दिसत होते. जर्मनीत बसलेल्या अभियंत्यांना ती रेषा तत्काळ मिळत होती. उतरण्याच्या जरा आधी संकेत थांबला. यान आदळले होते. संकेत थांबल्याची बातमी खोडदच्या तारांनी पृथ्वीवर सर्वांत आधी दिली. नंतर जीएमआरटीचे नूतनीकरण झाले, तिची संवेदनशीलता वाढली. २०२० मध्ये तिला आयईईईचा मैलाचा दगड हा सन्मान मिळाला. जगदीशचंद्र बोस आणि सी. व्ही. रामन यांच्या कामानंतर भारताला मिळालेला तो तिसरा. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला गोविंद स्वरूप गेले. २०२३ च्या जूनमध्ये युरोपीय सहकाऱ्यांबरोबर भारतीय शास्त्रज्ञांनी गुरुत्वलहरींच्या मंद गुणगुणण्याचे पुरावे मांडले. त्यातही खोडदच्या तबकड्यांची मोजमापे होती.

शेवटी एक विनंती. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत, साखर कारखान्यांत, दूध संघांत, प्रयोगशाळांत आजही एखाद्या कोपऱ्यात सोलारिस, नॉव्हेल, एससीओ युनिक्स किंवा डॉसवर चालणारे यंत्र उभे असेल. ते भंगारात देण्याआधी त्याच्या डिस्कची प्रत काढा. मॅन्युअल स्कॅन करा. ते चालवणाऱ्या निवृत्त सहकाऱ्याला बोलावून त्याला काय काय ठाऊक आहे ते लिहून घ्या. आणि ते यंत्र चालूच ठेवायचे असेल, तर त्याचे टेलनेट आजच बंद करा आणि त्याच्यासमोर एक छोटे नवे यंत्र बसवा.